कोकणातल्या विद्यापीठाला इमारत किती लागेल? हिशोब कशावरून करायचा?

सड्यावरची
मंडळी, कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी आपल्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. ते व्हावं की नाही यावर इथे भरपूर बोलून झालंय, तो वाद या धाग्यावर नको. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. उद्या विद्यापीठ झालं, किंवा मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरीचा उपपरिसर वाढवायचा ठरला, तर इमारत किती बांधायची हे ठरवणार कसं?

बहुतेक ठिकाणी आधी जमीन किती मिळतेय ते बघतात, मग निधी किती ते बघतात, आणि त्यात मावेल तो नकाशा काढतात. मुलं दिवसातले किती तास इमारतीत असतात, शिक्षक कुठे बसणार, कार्यालयातल्या माणसांची कपाटं कुठे राहणार, हे सगळं उद्घाटन झाल्यावर सुचतं. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. दुपारी अडीचला वरच्या मजल्यावरच्या अर्ध्या खोल्यांना कुलूप असतं आणि त्याच आठवड्यात "वर्ग घ्यायला जागा नाही" असे अर्ज माझ्या टेबलावर असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून हा प्रश्न मला सुटत नाही.

माझं मत असं की चौरस मीटरचा आकडा वेळापत्रकातून आणि पावसातून निघाला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? बांधकामातले, शिकवणारे, शिकणारे, सगळ्यांनी लिहा.

चिरेबंदी
चांगला विषय. तांत्रिक शिक्षणापुरते तरी तयार आकडे आहेत. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) हँडबुकात वर्षानुवर्षं चालत आलेलं माप असं: वर्गखोली ६६ चौ.मी., ट्युटोरियलची खोली ३३, प्रयोगशाळा ६६, वर्कशॉप २००, सेमिनार हॉल १३२. विभागप्रमुखाला १० आणि प्रत्येक शिक्षकाला ५ चौ.मी. या सगळ्याची बेरीज करायची आणि जिने-मार्गिकांसाठी वर २५ टक्के धरायचे. अभियांत्रिकीच्या बहुतेक इमारती याच हिशोबाने उभ्या आहेत. बी.ए., बी.कॉम.ला हे माप लागू नाही, पण ६० मुलांचा वर्ग म्हटला की ६६ चौ.मी. हे सुरुवातीला धरायला बरं. माणशी १.१ चौ.मी. पडतं, बाकडी लावून मध्ये चालायला जागा राहते.

कोंडीवरचा
एवढं कशाला? राष्ट्रीय इमारत संहितेत शैक्षणिक इमारतीला माणशी ४ चौ.मी. दिलंय. मुलं गुणिले ४, झाला हिशोब.

चिरेबंदी
@कोंडीवरचा, दादा, तो आकडा तिथे वापरू नका. इमारतीत एका वेळी किती माणसं असू शकतील हे धरून जिने आणि बाहेर पडायच्या दारांची रुंदी ठरवण्यासाठी तो आहे. आग लागली तर सगळे सुखरूप बाहेर पडावेत यासाठी. वसतिगृहांसारख्या निवासी इमारतींना तिथे माणशी १२.५ आहे, त्याचाही अर्थ तोच. गरज किती हे त्यातून कळत नाही. रसायनशास्त्राच्या मुलाला लागणारी जागा आणि मराठी एम.ए.च्या मुलीला लागणारी जागा एका आकड्यात बसत नाही.

कोंडीवरचा
बरं, हे माहीत नव्हतं. मग सूत्र काय?

मोजपट्टी
सूत्र सोपं आहे, पाळायला कठीण. खोलीचा वापर दोन गोष्टींनी मोजतात. आठवड्यातल्या उपलब्ध तासांपैकी किती तास खोलीत वर्ग होतो, आणि वर्ग होतो तेव्हा किती खुर्च्या भरलेल्या असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे खरा वापर. समजा कॉलेज साडेदहा ते साडेचार, सहा दिवस, म्हणजे ३६ तास. खोलीत २० तास वर्ग झाले, तर ५६ टक्के. ६० खुर्च्यांवर सरासरी ३६ मुलं बसली, तर ६० टक्के. गुणाकार येतो साधारण ३३ टक्के. खोलीचा दोन तृतीयांश भाग वापराविना पडून आहे आणि तरी सोमवारी अकराला ती कोणालाच मिळत नाही, कारण सगळ्यांना सोमवारी अकराच हवे असतात. सड्यावरची ताईंना पडलेल्या कोड्याचं उत्तर हेच आहे.

आता किती खोल्या लागतील ते बघू. उदाहरणापुरतं ४० तुकड्या धरू, प्रत्येकीच्या आठवड्याला २० तासिका. एकूण ८०० तासिका. प्रत्येक तुकडीला स्वतःची खोली दिली तर ४० खोल्या. खोल्या सामायिक केल्या आणि ३६ पैकी ७० टक्के तास भरायचे ठरवलं, तर एका खोलीत २५ तासिका मावतात आणि ३२ खोल्यांत काम भागतं. शंभर टक्के भरायचा हट्ट धरू नये. तासांची अदलाबदल, जादा तास, झाडलोट, परीक्षा यांसाठी मोकळीक लागते.

आणि कॉलेजचा दिवस सहा तासांऐवजी आठ तासांचा केला तर? ४८ च्या ७० टक्के म्हणजे ३३.६. खोल्या लागतील २४. म्हणजे ८ वर्गखोल्या वाचल्या, ६६ च्या हिशोबाने ५२८ चौ.मी., वर मार्गिका वेगळ्या. हे बांधकाम न करता केवळ वेळापत्रकातून मिळतं.

सुरंगी
मोजपट्टी सर, हिशोब समजला, पण तो दिवस सहा तासांचा का आहे हेही बघा. मी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे सकाळची पहिली एसटी स्टँडवर पोचते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. संध्याकाळी पाचची चुकली तर पुढची वस्तीची गाडी, ती फाट्यावर सोडते तोवर काळोख. फाट्यापासून वाडीपर्यंत डोंगरातून चालायचं, पावसात तर विचारूच नका. माझ्या वर्गातल्या दोन मुली शेवटच्या तासाला कायम दप्तर भरून बसतात, नजर घड्याळाकडे. साडेपाचपर्यंत वर्ग ठेवलेत तर त्या येणारच नाहीत. तुमच्या गुणाकारातली दुसरी बाजू, खुर्च्या भरण्याची, तिथे खाली येईल.

वेंगुर्ल्याचो_बाबलो
पोरगी बरोबर सांगता. गाडी चुकली काय आवस दारात उभी ऱ्हवता. आधी गाडी सांगा, मगे वर्ग बांधा.

मोजपट्टी
@सुरंगी, तुझं म्हणणं मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यातूनच मोठी गोष्ट निघते. सकाळी एक तास आधी येणारी आणि संध्याकाळी एक तास उशिरा जाणारी गाडी सगळ्या बाजूंना मिळाली, तर ८ खोल्या वाचतात. ८ खोल्यांचं बांधकाम, रंग, वीज, डागडुजी, पन्नास वर्षं. त्या पैशाचा काही भाग गाड्यांवर खर्च करावा असं कोणत्याही आराखड्यात लिहिलेलं मी पाहिलं नाही, कारण इमारतीचा निधी वेगळ्या खात्यातून येतो आणि एसटी वेगळ्या. हे दोन कागद एका टेबलावर यायला हवेत.

सड्यावरची
हे मला कधी सुचलं नव्हतं. एसटीच्या फेऱ्या इमारतीच्या हिशोबात. लिहून ठेवते.

चाकरमानी_ठाणे
आमच्या वेळीही हेच होतं, म्हणून आम्ही बारावीनंतर मुंबई गाठली. वसतिगृह बांधा ना सरळ. मुलं तिथेच राहिली की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वर्ग घ्या.

पागोळी
वसतिगृह हवंच, पण सगळ्या घरांना परवडत नाही, आणि शेतीच्या, आंब्याच्या दिवसांत मुलं घरी लागतात. दोन्ही लागेल.

मला दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचंय. धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये शिक्षक कुठे बसणार असं विचारलंय आणि अजून कोणी तिकडे वळलं नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्यासारख्यांची गणना कुठल्याच जागेच्या हिशोबात होत नाही, कारण आम्ही मंजूर पदांवर नसतो. स्टाफरूममध्ये एक लांब टेबल. कायमच्या प्राध्यापकांचे ड्रॉवर ठरलेले. बाकीचे आम्ही टेबलाच्या टोकाला, जो आधी येईल त्याला खुर्ची. वह्या तपासायच्या तर मांडीवर. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्याशी घरच्या अडचणीबद्दल बोलायला आली, कॉलेज सोडावं लागेल म्हणत होती. बोलायला जागा नव्हती. आम्ही जिन्याखाली उभ्या राहून बोललो, वरून मुलं ये-जा करत होती, आणि ती मध्येच गप्प झाली.

५ चौ.मी. माणशी हे छान आहे. पण माणसं मोजताना वेळापत्रकात ज्यांची नावं आहेत ती सगळी मोजा, पगारपत्रकातली नकोत. आणि दार लावता येईल अशा दोन-तीन लहान खोल्या ठेवा, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या.

चिरेबंदी
पागोळी ताईंना पूर्ण अनुमोदन. मंजूर पदं धरून जागा काढली की हे असंच होतं. पदवी अभियांत्रिकीला वीस मुलांमागे एक शिक्षक असा दंडक आहे. २००० मुलं म्हटली की १०० शिक्षक, ५०० चौ.मी. कागदावर हे नीट दिसतं. पदं भरली नाहीत तर ती जागा भांडारघर होते आणि शिकवणारी माणसं टेबलाच्या टोकाला बसतात.

माझी सूचना: सगळ्यांना स्वतंत्र केबिन नको, पण कुलपाचं कपाट प्रत्येकाला हवं. टेबल वाटून घेता येतं, उत्तरपत्रिका ठेवलेलं कपाट वाटून घेता येत नाही.

होडीवल्ही
केबिन नको या मुद्द्यावर मी असहमत आहे. मी संशोधन करणारा माणूस. एका हॉलमध्ये वीस जण बसवलेत तर वाचन होत नाही, सगळे घरी पळतात. मग इमारत रिकामी दिसते आणि पुढच्या वर्षी सांगतात की शिक्षकांना जागा लागतच नाही.

पागोळी
@होडीवल्ही, केबिन मिळाली तर मलाही आवडेल :) पण आज माझ्याकडे खुर्चीही नाही. तिथून सुरुवात करू.

खाडीकाठ
सगळे जण आत्ताच्या मुलांचा हिशोब करताय. इमारत पन्नास वर्षं टिकायची आहे. जनगणना बघा. रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६,९६,७७७ होता, २०११ ला १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. दोन्ही जिल्ह्यांत माणसं कमी झाली. वाड्यावाड्यांतल्या शाळांचे पट आपण बघतोच आहोत. त्याच वेळी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिथे ३००० किंवा जास्त मुलं असावीत. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत जो तो ३००० ची इमारत मागणार. मुलं कुठून आणणार?

चाकरमानी_ठाणे
खाडीकाठ, उलटंही बघा. मुलं कमी का झाली? शिकायला मिळत नाही म्हणून बाहेर जातात. मला हवा तो विषय आमच्या तालुक्यात नव्हता. असता तर मी ठाण्याला भाड्याची खोली घेऊन राहिलो नसतो. चांगली प्रयोगशाळा, चांगलं ग्रंथालय उभं राहिलं तर मुलं थांबतील, कोल्हापूर-गोव्याचीही येतील. गोवाही १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठालाच जोडलेला होता. स्वतःचं विद्यापीठ झालं, ताळगावच्या पठारावर मोठा परिसर उभा राहिला, आणि आज आपल्याकडची मुलं तिथे प्रवेशासाठी धडपडतात.

खाडीकाठ
मान्य, पण त्यांनी परिसर एका जागी केला आणि त्यांचं राज्य आटोपशीर आहे. आपलं मंडणगड ते दोडामार्ग. एका टोकाला इमारत बांधलीत तर दुसऱ्या टोकाच्या मुलाला मुंबई काय आणि ती काय, सारखीच लांब. सोलापूर विद्यापीठ २००४ ला एका जिल्ह्यापुरतं झालं, तिथे हा प्रश्न कमी. आपल्याला तीन-चार मध्यम केंद्रं लागतील, आणि मग प्रत्येक केंद्राला ग्रंथालय, संगणक, कार्यालय पुन्हा पुन्हा बांधावं लागेल. एकूण क्षेत्रफळ वाढणारच. ते आधीच मान्य करून चाला.

माझं म्हणणं एवढंच की एकदम सगळं बांधू नका. पहिल्या टप्प्यात आहेत तेवढ्या मुलांपुरतं, पाया आणि जिने पुढचा मजला चढवता येईल असे.

लाल_माती
पावसाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही! रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. देशावरच्या कॉलेजात दोन तासांमधल्या वेळात मुलं झाडाखाली, कट्ट्यावर, मैदानाच्या पायऱ्यांवर बसतात. ती जागा कोणी मोजत नाही आणि मोजायची गरजही नसते. आमच्याकडे पहिलं सत्र जवळजवळ पूर्ण पावसात जातं. तेव्हा हे सगळं बाहेरचं क्षेत्रफळ शून्य. तीच मुलं, त्यांच्या ओल्या छत्र्या, रेनकोट, डबे, सगळं मार्गिकेत. २५ टक्क्यांची मार्गिका त्यात बुडून जाते.

आमच्या जुन्या कॉलेजला चिऱ्याची इमारत आणि दोन्ही बाजूंना रुंद पडवी होती. पडवीला भिंतीलगत दगडी बसणं. पागोळ्या बाहेर गळत असायच्या आणि आत दोनशे मुलं आरामात डबा खायची, गटाने अभ्यास करायची. नवीन इमारत झाली तेव्हा पडवी "वाया जाणारी जागा" म्हणून कापली आणि दोन मीटरची बंद मार्गिका केली. आता जुलैमध्ये तिथे दोन माणसं छत्र्या घेऊन समोरासमोर आली की एकाने वर्गात शिरायचं. फरशी ओली, ट्यूब दिवसा लावायची, भिंतीला पोपडे.

माझ्या मते कोकणातल्या कुठल्याही शैक्षणिक इमारतीत मार्गिकांचं प्रमाण २५ ऐवजी ३५ तरी धरावं, आणि तो वाढीव भाग उघड्या पडवीचा असावा. पडवीला भिंती, खिडक्या, पंखे लागत नाहीत, खर्च कमी येतो.

चिरेबंदी
+१. पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर काढलं तर भिंतीही कोरड्या राहतात. आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने काँक्रीटमधली सळई गंजते, त्यामुळे स्लॅबचा जितका भाग पावसापासून झाकलेला तितका बरा. मात्र छप्पर नीट बांधून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे पत्रे कागदासारखे उडाले होते.

वालाचं_बिरडं
वसतिगृहाचा विषय निघालाच आहे तर कपडे वाळवायची जागा लिहा! आमच्या वसतिगृहात खोलीत दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे, खाली आम्ही. सगळ्या वह्यांना तो वास. एक मोठी, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी छपरी खोली द्या, अभ्यासाची खोली सुटेल.

नाखवा
एक आठवण करून देतो. जागा स्वस्त म्हणून सगळे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, बोट ठेवतील. सड्यावर जमीन मोकळी आहे, पण एप्रिल-मेमध्ये पाणी नाही. वसतिगृहाला टँकर लावावा लागेल. आणि कातळ खणायच्या आधी तिथे कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, आहेत का ते बघा. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, किती ठिकाणी सापडलीत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली.

सुरंगी
आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हाला उक्षीला नेलं होतं. केवढा मोठा हत्ती कोरलाय! विद्यापीठाच्या आवारात असं काही असेल तर पुरातत्त्वाचा विभागच तिथे काढा.

नाखवा
ते तर उत्तमच होईल. आधी सर्वेक्षण, मग आखणी. आणि सडा नको म्हणून नदीकाठ नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

सड्यावरची
कार्यालयाचं मी लिहिते, ते माझं रोजचं आहे. संलग्न महाविद्यालयं असलेल्या विद्यापीठाचं सर्वांत मोठं काम परीक्षा. मुंबई विद्यापीठाने २०१७ ला उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी आणली, तरी मुलांनी लिहिलेला कागद कुठेतरी ठेवावा लागतोच. आमच्याकडे ती खोली उत्तरेच्या कोपऱ्यात आहे. ऑगस्टमध्ये दार उघडलं की आधी कुबट वास येतो, मग खालच्या फडताळातल्या गठ्ठ्यांवर पांढरी बुरशी दिसते. आम्ही दोघी-तिघी कोरड्या फडक्याने एकेक गठ्ठा पुसतो. कोणाचा तरी निकाल, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यात असतो, म्हणून टाकता येत नाही. अशी खोली पहिल्या मजल्यावर, भिंतीपासून सुटे रॅक आणि दोन्हीकडे खिडक्या असलेली हवी. नकाशात ती "भांडार" म्हणून उरलेल्या जागेत ढकलतात. ग्रंथालयाचंही तेच.

मोजपट्टी
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सड्यावरची ताई, तुम्ही कार्यालयात आहात तर हे करू शकता: सगळ्या खोल्यांची यादी, खुर्च्या किती ते, आणि एका साध्या आठवड्यात दर तासाला एकाने चक्कर मारून डोकी मोजायची. वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका, वेळापत्रकात असलेले अनेक तास होत नाहीत. दोन वेळा मोजा, जुलैमध्ये आणि फेब्रुवारीत. गणपतीचा, शिमग्याचा आणि परीक्षेचा आठवडा टाळा.

लाल_माती
जुलैमध्ये मोजाल तेव्हा खोल्यांबरोबर मार्गिका, जिने, कँटीन इथलीही माणसं मोजा. दुपारी साडेबारा ते दीड खास.

पागोळी
आणि स्टाफरूम. खुर्च्या किती, माणसं किती, उभी किती.

सड्यावरची
करते. प्राचार्यांशी बोलून जुलैची परवानगी घेते, एनएसएसची मुलं मदतीला येतील. आणखी दोन-तीन महाविद्यालयांतून कोणी असंच मोजलं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं एकत्र चित्र मांडता येईल आणि मागणी करताना हातात काहीतरी असेल. कोण तयार आहे?

सुरंगी
मी आहे. एक शंका, प्रयोगशाळा कशी मोजायची? आमची रसायनाची प्रयोगशाळा दुपारी रिकामी असते पण तिथे दुसरा वर्ग घेता येत नाही.

मोजपट्टी
वेगळ्या रकान्यात. प्रयोगशाळा, वर्कशॉप, संगणक कक्ष यांची सरासरी वर्गखोल्यांत मिसळू नको, दोन्ही आकडे बिघडतात. प्रयोगशाळेला बॅचप्रमाणे जागा धर, आणि साधनं मांडून ठेवायला लागणारा वेळ वापरातच मोज.

वेंगुर्ल्याचो_बाबलो
आमच्याकडच्या कॉलेजात माझो भाचो शिकवता, तेका सांगतंय. गाड्येचा टायमिंग पण लिवून आणूक सांगतंय, खयची गाडी किती वाजता पोचता ता.

सड्यावरची
बाबलोकाका, गाड्यांचा रकाना मी तक्त्यात पहिलाच घालते. उद्या तक्ता इथे टाकते, काही राहिलं असेल तर सांगा.